ससा वाळलं गवत खात नाही? सातारा-सांगलीत सशाजोगी वैरण कशी शोधायची

घरात नवा ससा आला की पहिल्या आठवड्यातच बहुतेकांची तक्रार सुरू होते. गाजर खातो, कोबी खातो, दुकानातून आणलेल्या सशाच्या खाद्याच्या गोळ्यांची वाटी चाटूनपुसून संपवतो, पण वाळलेल्या गवताला तोंड लावत नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, नाही आवडत तर राहू दे, बाकीचं खातोय ना? इथेच घोटाळा होतो. मोठ्या सशाच्या पोटात रोज जे जातं त्यात ८० टक्क्यांच्या वर गवत असायला हवं. भाजीपाला आणि गोळ्या ही त्याची तोंडीलावणी.

यामागे दोन कारणं आहेत. सशाला २८ दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढत राहतात. समोरचे तर आठवड्याला साधारण २–३ मिमी वाढतात. गवताच्या पात्यात सिलिका असते, ती चावता चावता दात झिजतात, आणि लांब पातं दळायचं म्हणजे जबडा आडवा फिरवावा लागतो. गाजराचा तुकडा किंवा गोळी दोन चाव्यांत फुटते, दाढा घासल्याच जात नाहीत. दुसरं कारण पोटाचं. सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं, आणि त्याला चालतं ठेवतो तो गवताचा चोथा. चोथा कमी पडला की आतडं मंदावतं, पोटात गॅस धरतो, ससा खाणं सोडतो. त्याला उलटीही करता येत नाही, त्यामुळे आत अडकलेलं वरून बाहेर पडायला वाटच नसते.

‘आमचा ससा गवत खातच नाही’ असं म्हणणाऱ्या घरातलं गवत हातात घेऊन बघा. बहुतेक वेळा ते जुनं, धुळीचं, नुसत्या दांड्यांचं निघतं. सातारा-सांगलीत वैरणीला तोटा नाही, पण ती म्हशीसाठी कापलेली आणि म्हशीसाठी वाळवलेली असते. म्हशीची वैरण आणि सशाचं गवत यातला फरक ओळखता आला की निम्मं काम झालं. तेवढ्यासाठीच हा लेख.

पहिली पायरी: तोंड आणि लेंड्या बघा

गवत बदलण्याआधी हे करा, कारण दात दुखणाऱ्या सशासमोर जगातलं उत्तम गवत ठेवलं तरी तो खाणार नाही. हनुवटीखालचा भाग ओला राहतो का? गवताची काडी उचलून तोंडात धरतो आणि सोडून देतो का? पूर्वी खायचा आणि आताच सोडलंय का? एकाच बाजूने चावतो का? यातलं काहीही दिसलं तर दाढांना टोकं आलेली असू शकतात, ती जिभेला किंवा गालाला टोचतात. समोरचे दात ओठ वर करून आपल्याला दिसतात, दाढा मात्र घरी दिसत नाहीत. त्या बघायला डॉक्टरांना दिव्याची नळी आत घालावी लागते.

आपल्या भागातले बरेच पशुवैद्य गाई-म्हशी आणि शेळ्या बघणारे. फोन करतानाच विचारून घ्या, ‘डॉक्टर, तुम्ही सशाच्या दाढा तपासता का?’ सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळ कुणी सशाचा जाणकार डॉक्टर नसेल तर तिथे चौकशी करता येते.

लेंड्यांवरूनही बरंच कळतं. चांगलं गवत खाणाऱ्या सशाच्या लेंड्या गोल, सारख्या आकाराच्या आणि भरपूर असतात. बोटांत चुरली तर आत भुशासारखे तंतू दिसतात. बारीक, काळपट, वेड्यावाकड्या लेंड्या म्हणजे चोथा कमी पडतोय. आणि १२ तास खाल्लं नाही, लेंडी टाकली नाही, तर थेट दवाखाना. त्या वेळी गवत, दुर्वा, घरगुती उपाय, माणसांची औषधाची गोळी, काहीही करत बसू नका.

दुसरी पायरी: बाकीचं हळूहळू कमी करा

पोट भरलेला ससा गवत कशाला खाईल? गोळ्या मोठ्या सशाला किलोमागे दिवसाला २५ ग्रॅमपर्यंत पुरतात. त्याहून जास्त देत असाल तर दोन-तीन आठवड्यांत थोड्या थोड्या उतरवत आणा. बिस्किट, पाव, भिजवलेले हरभरे, भाकरीचा तुकडा हे पूर्ण बंद. गाजर आणि केळं हा खाऊ आहे, बोटाच्या पेराएवढा द्या. मक्याचे दाणे आणि रंगीत तुकडे मिसळलेलं खाद्य घेऊच नका. जनावरांचं सुग्रास किंवा कोंबडीचं खाद्य तर अजिबात नको. सुग्रासमध्ये युरिया असू शकतो आणि कोंबडीखाद्यात मिसळलेली काही औषधं सशाला विषारी आहेत.

‘दोन दिवस उपाशी ठेवा, झक मारत खाईल’ असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो मानू नका. उपाशी सशाच्या यकृतावर चरबी चढते आणि तो जिवाला मुकू शकतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला एकाच वेळी वजन करा. दोन किलोच्या सशाचं आठवड्यात १०० ग्रॅम उतरलं, तर गोळ्या कमी करणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

तिसरी पायरी: कोणती वैरण चालते, कोणती नाही

परदेशी लेखांत जिथे तिथे टिमोथी गवताचं नाव असतं. ते थंड हवेतलं गवत, आपल्याकडे पिकत नाही. ऑनलाइन पाकिटात मिळतं आणि चांगलं असतं, परवडत असेल तर जरूर घ्या. पण ते मिळालं नाही म्हणून अडत नाही. सशाला गवतवर्गातलं, बारीक काडीचं, पानं टिकवून वाळवलेलं गवत हवं असतं. ते आपल्या माळावर आणि बांधावर आहे.

हरळी सगळ्यात सोपी. आपण गणपतीला वाहतो त्या दुर्वा म्हणजे हीच. बाहेरदेशी हीच बर्म्युडा गवत म्हणून वाळवून सशांना आणि घोड्यांना घालतात. सांगलीत गणपती मंदिराच्या वाटेवर फुलवाल्यांकडे जुड्या मिळतात. नवख्या सशाला गवताची गोडी लावायला यासारखं दुसरं काही नाही. मात्र न वाहिलेली ताजी जुडी घ्या. कुंकू-गुलालाला लागलेली किंवा निर्माल्यातली नको. स्वच्छ धुऊन, निथळून द्या आणि पहिल्या दिवशी चिमूटभरच, कारण ज्याला हिरव्याची सवय नाही त्याचं पोट बिघडतं.

मारवेल हे आपल्या माळरानाचं खरं सशाजोगं गवत. काडी बारीक, पानं भरपूर, वाळल्यावर गोडसर वास. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाणही दिलेत, काही पशुपालक बांधावर लावतात. ज्याच्याकडे मारवेल आहे तो शेतकरी शोधून ठेवा, तुमची वर्षाची चिंता मिटेल. पवनाही चांगलं, पण कोवळं कापलेलं हवं.

ओट हिवाळ्यात काही दूध उत्पादक चाऱ्यासाठी पेरतात. फुलोऱ्याच्या आसपास कापून वाळवलेला ओट हट्टी ससेही खातात. स्वतः कुंडीत पेरणार असाल तर कृषी सेवा केंद्रातून आणलेलं बियाणं रंग लावलेलं नाही ना ते बघा. तो रंग बुरशीनाशकाच्या बीजप्रक्रियेचा असतो.

शाळूचा कडबा जत, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यातला नावाजलेला. जनावरांसाठी सोनं, पण सशाला त्याचं दांडकं जड जातं. पेंढीतली वाळलेली पाती सोडवून इतर गवतात मिसळली तर चवीत बदल होतो. मुख्य खाणं म्हणून नको. आणि ज्वारीचं कोवळं, हिरवं पीक सशाच्या आसपासही नको. ज्या विषाने जनावरांना किरळ लागते, ते त्याच कोवळ्या फुटव्यांत असतं.

लसूणघासाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. शेळीवाल्यांकडे पेंढी सहज मिळते, ससा आवडीने खातो, म्हणून लोक तीच घालत राहतात. लसूणघास शेंगवर्गातला. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही जास्त. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला, गाभण किंवा पाजणाऱ्या मादीला तो चांगला. मोठा ससा खाण्यातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतो, मग लघवी खडूच्या पाण्यासारखी पांढरी, दाट होते आणि पुढे मूतखडा होऊ शकतो. तरीही गवताकडे बघतच नसलेल्या सशाला वळवायला वाळलेल्या लसूणघासाची मदत घेता येते. कशी, ते पुढे सांगते.

आता न चालणाऱ्या गोष्टी. उसाचे वाढे आपल्याकडे गळीत हंगामात ढिगाने मिळतात, सशाला ते देऊ नका. त्यात ऑक्झलेट हे अपायकारक द्रव्य जास्त आणि पात्याच्या काठाला धार. हत्तीघास आणि नेपिअरच्या संकरित जातीही रोजचं खाणं म्हणून नकोत. मुरघास आंबवलेला, तो सशासाठी नाहीच. भाताचा पेंढा आणि गव्हाचं काड अंथरायला छान, पण खाण्यात सत्त्व नाही. शिवाय पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करायची पद्धत आहे, त्यामुळे अंथरायला घेतानाही विचारून घ्या. यंत्रातली कुट्टी धुळीची आणि आखूड. सशाला लांब काडीच हवी, कारण दाढा झिजवण्याचं काम लांब काडी करते.

चौथी पायरी: कधी आणि कुठून घ्यायचं

गवताची खरी गंमत त्याच्या कापणीच्या वेळेत आहे. आपल्याकडे माळाचं गवत दसरा-दिवाळीच्या सुमारास, पिवळं पडल्यावर कापतात. तोवर ते फुललेलं असतं, बी धरलेलं असतं, काडी लाकडासारखी झालेली असते. शेतकऱ्याला भारे जास्त भरतात आणि म्हैस तेही खाते. सशासाठी ते पीक महिनाभर उशिरा कापलेलं असतं. आपल्याला हवं ते फुलाला यायच्या बेतात असलेलं, हिरवं गवत. म्हणून बाजारात पेंढी शोधत फिरण्यापेक्षा एखाद्या शेतकऱ्याशी आधीच बोलून ठेवणं केव्हाही चांगलं.

कवठे महांकाळच्या बाजूला मी ज्या मामांकडून गवत घेते त्यांना पहिल्यांदा सांगितलं, ‘मामा, तुरे यायच्या आत एक भारा कापून द्या.’ ते म्हणाले, ‘ताई, आत्ता कापलं तर वाळून मूठभर होईल, पैसे वाया जातील.’ त्यांचं बरोबरच होतं. चार-पाच किलो हिरव्या गवतातून किलोभरच वाळलेलं हाती लागतं. मी त्यांना म्हशीच्या भाऱ्याच्या वर दर दिला आणि कापलेलं गवत सावलीत पसरून ठेवायला सांगितलं. आता तुरे दिसायला लागले की तेच फोन करतात. दोन किलोच्या सशाला महिन्याला साधारण तीन-साडेतीन किलो वाळलं गवत लागतं. शेतकऱ्याच्या हिशोबात ते किरकोळ आहे, त्यामुळे कुणी सहसा नाही म्हणत नाही, फक्त मागणी स्पष्ट हवी.

कुठून घ्यायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ भागातल्या द्राक्षबागांत वेलीखाली कोवळं, हिरवंगार गवत दिसतं आणि मोह होतो. पण बागेवर हंगामभर बुरशीनाशकं आणि कीटकनाशकं फवारली जातात आणि ती खालच्या गवतावरही पडतात. उसाच्या बांधावरचं गवत तणनाशक मारलेलं असू शकतं. रस्त्याकडेच्या गवतावर धूळ आणि गाड्यांचा धूर. बंगल्याच्या लॉनचं यंत्राने कापलेलं गवत तासाभरात गरम होऊन आंबायला लागतं, तेही नको. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथली फुलं आणि गवत जसंच्या तसं राहू द्यायचं. सागरेश्वर अभयारण्याचंही तेच.

पाचवी पायरी: पेंढी सोडून बघा

पेंढीचं वरचं तोंड नेहमी चांगलंच दिसतं. बंध सोडा, मधलं गवत काढा आणि उजेडात धरा. रंग हिरवट किंवा फिका हिरवा हवा. नुसतं पिवळं म्हणजे उन्हात जास्त राहिलेलं, काळे-करडे डाग म्हणजे भिजलेलं. मग नाक लावा. चांगल्या गवताला गोडसर, चहापत्तीच्या जवळचा वास असतो. कोंदट वास आला तर घासाघीस न करता परत द्या, बुरशीचं गवत उन्हात घालून चांगलं होत नाही. पांढऱ्या कापडावर पेंढी आपटा. धूळ उडाली, शिंक आली तर सशाच्या नाकाला ती कितीतरी जास्त लागणार.

माळाच्या गवतात कुसळी असते, आणि सशासाठी हा सगळ्यात मोठा धोका. तिचं कुसळ हातावर घेऊन नीट बघा. तळाशी सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले केस आणि वर पीळ दिलेली काळपट शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटायला लागतो आणि टोक फिरत फिरत आत घुसतं. केस मागे वळलेले, त्यामुळे गेलेलं कुसळ मागे येत नाही. कपड्यात अडकलेलं कुसळ काढताना जे होतं, तेच सशाच्या ओठात, हिरडीत, डोळ्यात होतं. पेंढीत कुसळं दिसली तर ती पेंढी सशाची नाही. वेचून काढू म्हणू नका, सगळी कधीच निघत नाहीत.

गाजर गवत, घाणेरी, धोतऱ्याचा पाला हेही भाऱ्यात येतं. गवत पिंजऱ्यात घालण्याआधी हाताने मोकळं करायची सवय लावून घ्या, म्हणजे नजरेतून सुटत नाही.

घरी वाळवायचं असेल तर

गच्ची असेल तर हे अवघड नाही. सकाळचं दव उडून गेल्यावर गवत कापा किंवा आणा. वाऱ्याच्या जागी, सावलीत, जुन्या साडीवर पातळ पसरा. दिवसातून दोनदा उलटं-पालटं करा. कोरड्या हवेत दोन ते चार दिवसांत वाळतं. कडक उन्हात लवकर वाळतं खरं, पण रंग आणि वास उडतो, पानं चुरा होऊन गळतात आणि ससा नेमकी तीच पानं आधी खातो.

वाळलंय का हे बघायला काडी पेराजवळ पिळा. तुटली तर वाळली, नुसती वाकली तर अजून एक दिवस. शंका असेल तर कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर गवत आणि चमचाभर सुटं मीठ घालून झाकण लावा, चांगलं हलवा. मिठाच्या गुठळ्या झाल्या तर ओल आहे. ओलं गवत भरून ठेवलं की आतून तापतं आणि बुरशी धरतं, एवढ्या मेहनतीवर पाणी पडतं.

सहावी पायरी: खायला लावा

ससा लेंड्या टाकता टाकता खातो, ही त्याची रीतच आहे. म्हणून गवत त्याच्या शौचाच्या ट्रेच्या एका टोकाला, तोंड पोचेल असं ठेवा. पुष्कळ घरांत एवढ्या एका बदलाने काम होतं. लोखंडी जाळीतून काड्या ओढणं काहींना जमत नाही. बुरुडाकडची रंग न दिलेली बांबूची दुरडी गवताने भरून ठेवली की ससा त्यात तोंड घालून उकरतो, बसतो, खातो. ढीग सशाच्या अंगाएवढा हवा. पहाट आणि तिन्हीसांज या त्याच्या खाण्याच्या वेळा, ताजं गवत तेव्हाच घाला. शिळं ओलं झालेलं काढून टाका.

वास हे दुसरं साधन. कोथिंबीर किंवा पुदिना सावलीत वाळवून गवतावर चुरा. रोजच्या गोळ्या वाटीत न देता गवतात पेरा, त्या शोधताना काड्या तोंडात जातात. एक वेळ हिरव्या दुर्वा आणि दुसऱ्या वेळेला सुकायला लागलेल्या दुर्वा, असं करत आठवड्याभरात पूर्ण वाळलेल्यावर या. लसूणघासाची मदत घ्यायची असेल तर वाळलेला घास आणि गवत निम्मं निम्मं कालवा. नुसतं थर देऊन ठेवू नका, नाहीतर तो वरचं वेचून खातो. दर चार-पाच दिवसांनी घास कमी करत तिसऱ्या-चौथ्या आठवड्याअखेर बंद करा.

सकाळी दुरडीत काय उरलंय ते बघा, ससा काय म्हणतोय ते त्यात कळतं. आमची ठकी काडी उभी धरते, वरून पानापानाने खात येते आणि जाड पेर आलं की टाकून देते. मारवेलचं पेर बारीक, ते ती खाते. ओटचं सोडते. तुमचा ससा पानं खाऊन दांड्या टाकत असेल तर तो गवत नाकारत नाहीये, त्याला जास्त कोवळं कापलेलं हवंय. सगळंच तसंच उरलं तर दुसऱ्या जातीचं गवत आणा. दोन-तीन प्रकारच्या लहान मुठी शेजारी शेजारी ठेवून निवड त्याच्यावर सोपवली, तर नुसते अंदाज करत बसण्यापेक्षा लवकर उत्तर मिळतं.

एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीच्या आसपास जातो, आणि सशाला तिशीच्या वरच त्रास सुरू होतो. त्या दिवसांत खाणं कमी होतंच. दुपारी त्याला फरशीवर, गार खोलीत ठेवा, पाण्याचं भांडं पसरट ठेवा आणि गवतावर संध्याकाळी पाण्याचा हलका हबका मारा. रात्रीतून उरलेलं ओलसर गवत सकाळी काढून टाका.

साठवण

गवत गोणपाटात किंवा सुती पोत्यात भरा, जमिनीपासून वर, विटांवर फळी टाकून ठेवा. हवाबंद प्लास्टिकमध्ये नको. भिंतीलाही टेकवू नका. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पट्ट्यात पावसाळ्यात घरातलीही हवा ओली असते, तिथे एका वेळी पंधरा-वीस दिवसांपुरतंच गवत आणा आणि ऊन पडेल त्या दिवशी पोतं उघडून वारं द्या. उंदरांचा वावर असलेल्या जागी ठेवू नका, मुतलेल्या गवताला ससा तोंड लावत नाही आणि त्यातून रोगही येतात. जुनं पोतं संपायच्या आठवडाभर आधी नवं उघडा आणि दोन्ही मिसळून घाला. एकाच शेतातलं गवत असलं तरी वेगळ्या कापणीचा वास सशाला लगेच कळतो, आणि एकदम बदललं तर तो पुन्हा दोन दिवस तोंड फिरवतो.